व्हायबर्नमची हजामत

माझे सासरे चाळीस वर्षं सलून चालवून निवृत्त झाले. त्यांची कात्री मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हती. अंगणातल्या व्हायबर्नमच्या झुडपाची ते दर पंधरा दिवसांनी हजामत करत. कडेनं बारीक, वर जरा दाट, आणि शेवटी मानेवर मारतात तसा ब्रश. सासूबाईंनी हे झुडूप फुलांच्या पांढऱ्या गेंदांसाठी हौसेनं आणलं होतं. तीन वर्षांत एक कळी दिसेल तर शपथ!

शेवटी सासूबाईंनी जाहीर केलं, "या वसंतात फुललं नाही तर उपटायचं. तिथं कपड्यांची दोरी बांधू."

सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. झुडपावर त्यांचा फार जीव. मी रोपवाटिकेतल्या बाईंना बोलावून आणलं.

"याला कापतं कोण?" बाईंनी विचारलं.

"मी!" सासरे छाती फुगवून म्हणाले.

"अहो काका, याच्या कळ्या जुन्या फांदीवर धरतात. तुम्ही दरवेळी फुलंच छाटताय. फुलून जाईपर्यंत हात लावू नका."

"थांबायचं कळतंय कुठे यांना!" सासूबाई फणकारल्या. याच कारणानं लग्नापासून त्यांनी स्वतःच्या केसांना नवऱ्याची कात्री लागू दिली नव्हती.

सासऱ्यांनी कानाला खडा लावला. पण शिवशिवणाऱ्या हातांचं काय? आधी पायपुसण्याच्या दशा गेल्या, मग पडद्यांची झालर, मग शेजाऱ्यांचा कुत्रा ओळखू येईना. मी घरातही डोक्याला रुमाल बांधून फिरू लागले. झुडपावर कळ्या फुगल्या त्या आठवड्यात तर त्यांना राहवेना. दुपारी डुलकी घेणारा माझा नवरा जागा झाला तेव्हा त्याचं अर्धं डोकं साफ होतं. उरलेलं अर्धं मग करावंच लागलं.

आणि व्हायबर्नम फुललं. पान दिसेना इतकं.

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून झुडपाशेजारी बसल्या आणि अंबाडा सोडला.

"टोकं तेवढी हं," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी अर्धा इंच कापलं, आणि कात्री खिशात घातली. खरंच घातली. मला तर भरूनच आलं.

खिडकीतून नवरा टकलावरून हात फिरवत ओरडला, "बाबा, मग माझ्या वेळी काय झालं होतं?"