फांदीचा ब्रेक

शाकिर पुढच्या आठवड्यात मुलीकडे, अदीबाकडे, औरंगाबादला कायमचा राहायला जाणार होता. जळगाव जामोदमधलं सायकलदुरुस्तीचं दुकान त्यानं पुतण्याला देऊनही टाकलं होतं. तो जाण्याआधी मला एकच गोष्ट करायची होती. डोंगरातली आमची जुनी वाट एकदा तरी त्याच्या बरोबरीनं, सायकलवर बसून उतरायची. हे त्याला सांगायलाही मी बरेच दिवस घेतले.

तरुणपणी आम्ही त्या वाटेनं नेहमी जायचो. मी वाचनालयात नोकरीला होतो. वरच्या आश्रमशाळेला पुस्तकं पोचवायचो. शाकिर तिथल्या लोकांचे स्टोव्ह, सायकली दुरुस्त करायचा. चढताना दोघंही सायकली ढकलत, गप्पा मारत जायचो. उतरताना मात्र तो एका वळणात दिसेनासा व्हायचा आणि मी सायकल हातात धरून पायी. खाली पोचलो की त्याची विडी संपलेली असायची. "आला का?" एवढंच म्हणायचा. त्यानं चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता वनखात्यानं त्या गाडीवाटेची सायकलवाट केली आहे. जीप आपल्याला भाड्याच्या सायकलींसकट वर सोडते. आमच्याबरोबर अकोल्याची हेल्मेटवाली मंडळी होती. त्यांच्यातल्या करिष्मा नावाच्या मुलीनं मला गिअर समजावून सांगितले. मी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं. मग ती सगळी सागाच्या झाडांमधून भर्रकन निघून गेली आणि जंगल एकदम गप्प झालं.

माघ संपत आला होता. सागाची पानं वाटेवर पसरली होती, उतारावर पळस फुलले होते. सालईच्या झाडांचा तोच वास. मी सीटवर बसलो, खाली पाहिलं आणि उतरलो.

"काय पाहून राह्यला बे वामन?"

"वाट."

"वाट तेच हाय. चाल."

मी परत बसलो, परत उतरलो. मला माझीच लाज वाटली. एवढ्या वर्षांत मी काहीच शिकलो नव्हतो. मग जे तेव्हा जिभेवर येऊन राहायचं, ते तोंडातून निघून गेलं.

"शाकिर, फांदी बांधून देशील काय?"

पूर्वी मोहफुलांची पोती सायकलवर लादून उतरणारे लोक कॅरिअरला मोठी फांदी बांधायचे. ती मागे फरफटत यायची आणि सायकल आवरायची. ते ओझेवाल्यांचं काम. रिकाम्या सायकलला फांदी बांधणारा कोणी पाहिला नव्हता.

शाकिर माझ्याकडे बघत राहिला. "हे तवाच काऊन नाही सांगतलं?"

"तू हसला असता."

"हसलोच असतो," तो म्हणाला आणि आत्ताही पोटभर हसला. मग वाटेकडेची वाळलेली, पानांसकट पडलेली सागाची फांदी त्याने ओढून आणली. या सायकलींना कॅरिअर नव्हतं. त्याने सीटच्या दांड्याला फांदी टेकवली, खिशातून जुन्या ट्यूबची पट्टी काढली आणि आवळून गाठ मारली.

"झालं?" मी विचारलं.

तो लगेच उठला नाही. दुसऱ्या फांदीकडे पाहत म्हणाला, "ते बी आण. माह्या मनगटात जोर राह्यला नाही. ब्रेक धरवत नाही मले."

"मग जीपमध्ये बसून वर कशाले आला?"

"तू पहिल्यांदा बोलवलं बे. नाही म्हनू?"

ती फांदी मी बांधली. माझी गाठ त्याने सोडली आणि पुन्हा नीट मारली.

मग आम्ही निघालो. मागे फांद्यांचा खरखराट, धुळीचा लोट. वेग असा की शेळीनंही मागे टाकलं असतं. तरी पहिल्या वळणाला माझे डोळे मिटले. "डोये उघड, गाढवा," शाकिर बाजूने ओरडला. बाजूने, पुढून नव्हे. त्यानंतर तो बोलतच राहिला. औरंगाबादचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली सायकल ठेवायला जागा नाही, अदीबा फार जपते, तिथे त्याला कोण शाकिर म्हणून हाक मारणार. मी मधूनमधून हूं म्हणत होतो. इतकं तो चढावरही कधी बोलला नव्हता.

खाली अकोल्याची मंडळी फोटो काढत थांबली होती. आम्हाला पाहून करिष्माने विचारलं, "आजोबा, हे मागे काय बांधलंय?"

शाकिर तिला मोहाच्या पोत्यांपासून सगळं सांगू लागला. मी त्याच्या शेजारी, हँडल घट्ट धरून उभा राहिलो. मागची फांदी सोडायची मला घाई नव्हती.