अडतीस सेकंदांचा आरोप

मित्रांनो, मी किल्लीचा एक जुना स्टॉपवॉच आहे. खर्डीजवळच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात राहतो. मला घडवणाऱ्या कारागिराने माझा काटा तीन दिवस तपासला होता. तेव्हापासून मी कधी खोटं बोललो नाही, हे आधीच सांगून टाकतो. एके काळी शर्यतींच्या दिवशी सर मला गळ्यात घालून मिरवायचे. मग फोन आले. पुढची कित्येक वर्षं मला कुणी किल्लीसुद्धा दिली नाही. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला तरी झाली नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नववीतल्या जयाने मला बाहेर काढलं. जिल्ह्याच्या भौतिकशास्त्र स्पर्धेची तयारी आमच्या शाळेतून ती एकटीच करत होती. तिथे फोन चालणार नव्हता, म्हणून माझी आठवण झाली. प्रयोग लंबकाचा होता. एक मीटर दोरीला दगड बांधायचा, सोडायचा आणि जाऊन-येऊन एक असे वीस झोके मोजायचे. चाळीस सेकंद यायला हवे होते. रोज अडतीसच यायचे.

"घड्याळ मागे पडतंय," सर म्हणाले. "शनिवारपर्यंत आकडा जुळला नाही, तर यंदा आपलं नाव पाठवायला नको."

मला त्यांच्या फोनशी ताडून पाहणं मिनिटभराचं काम होतं. पण जुन्या वस्तूवर ठपका ठेवायला पुरावा लागत नाही. मला फार वाईट वाटलं.

जयाने मला पाड्यावर घरी नेलं. दाराच्या चौकटीला लंबक टांगला. तिची आई, रंगू, दुसऱ्यांच्या खळ्यावर भात मोजायला जायची. आमच्याकडे भात मोजताना कुणी 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. जयाही तसंच मोजायची. दगड सोडला की लगेच म्हणायची, "लाभ."

आई तांदूळ निवडत ऐकत होती. "जया गो, लाभ कवा म्हनतात?"

"पयल्या पायलीला."

"पायली पोत्यात पडली का म्हनतात. तू तं हात सोडतानाच म्हनतेस. अजून कायच पडला नाय. एक पायली फुकटची मोजतेस तू."

जया थबकली. तिने दगड पुन्हा सोडला, तो जाऊन परत येऊ दिला आणि मगच म्हणाली, "लाभ." विसाव्या झोक्याला माझा काटा चाळिसावर होता.

"आई, घड्याळ बरोबर हाय. मीच चुकले," ती म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं.

शनिवारी तिने सरांना आकडा दाखवला. सर खूश झाले. "चला, घड्याळ सुधारलं म्हणायचं," म्हणाले आणि नाव पाठवलं. जया माझ्याकडे बघत उभी होती. ती काहीच बोलली नाही.

स्पर्धेत सगळ्यांना नवे टायमर मिळाले. जया दुसरी आली. मी कपाटात परतलो. अजूनही कुणी मला हात लावला की सर सांगतात, त्याचा भरवसा नाही, मधूनमधून बिघडतं.

मित्रांनो, मी जयावर रागावलेलो नाही. नाव मागे घेतील या भीतीने ती गप्प राहिली असेल. पण तुमचं उत्तर चुकलं, तर आधी आपली मोजणी तपासा. आणि चूक तुमचीच निघाली, तर ती घरी आईजवळ सांगून थांबू नका. शाळेतही सांगा. मला ते सांगता येत नाही.