दुसरी खुर्ची

निळ्या दोरीला लटकलेला तो चौकोनी बिल्ला आईच्या छातीवर सारखा उलटा होत होता — आणि दर वेळी चमचा खाली ठेवून ती दोन बोटांनी तो सरळ करत होती, जणू तो उलटा दिसला तर कुणीतरी येऊन तिला न्याहारीच्या या टेबलावरून उठवील. प्लास्टिकच्या आत पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तीन ओळी, तिन्ही जपानी. पहिली ओळ म्हणजे तिचं नाव असणार. दोन्का. केवढंसं नाव, आणि तरी त्या काड्यांमध्ये ते कुठे सुरू होतं नि कुठे संपतं हे नेवेनाला कळत नव्हतं... आपल्या आईचं नाव आपल्याला वाचता येत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि ते तिला उगाचच टोचलं.

"खाली काय लिहिलंय गं?" आईनं चिहायाला विचारलं.

चिहाया ही चित्रपट महोत्सवानं दिलेली दुभाषी. दोन वर्षं सोफियात शिकलेली, पण बल्गेरियन बोलायची अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखं. "पहिल्या ओळीत आपले नाव आहे. दुसऱ्या ओळीत देशाचे. तिसऱ्या ओळीत लिहिले आहे, कलाकार."

"कलाकार? मी?" आई हसली. "तीस वर्षं फाटक वर-खाली केलं, आणि आता कलाकार. स्पासला सांगितलं तर..." वाक्य तिनं तसंच सोडलं आणि वाटी पुढे ओढली. "आणि हे बघ, पुन्हा दही. बल्गेरिया म्हटलं की जो तो दही, दही करतो. पुढच्या वेळी सिनेमा राहू दे, नेवे, दह्याची किटली घेऊनच येऊ."

चिहाया तोंडावर हात ठेवून हसली. नेवेनाही हसली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. सिनेमा अकराला होता, आणि आईनं तो अजून पाहिला नव्हता. सोफियाला कॉलेजात दाखवला तेव्हा तिची ड्यूटी होती. नंतर फोनवर पाठवला तर म्हणाली होती, फोनवर मी मला नाही बघणार. आता जपानलाच, मोठ्या पडद्यावर.

वीस मिनिटांचा सिनेमा. मेझ्द्रा गावाच्या पुढचं रेल्वेचं फाटक, जानेवारीतला बर्फ, एक केबिन, आणि केबिनमध्ये एक बाई. गाडी येते, बाई हँडल फिरवते, झेंडी धरून उभी राहते, गाडी जाते. पुन्हा खिडकीपाशी बसते. खुंटीवर नवऱ्याची टोपी. बाई बोलत नाही, कुणी बोलतच नाही. शिकवणारे सर म्हणाले होते, या पोकळीचा आवाज ऐकू येतो — आणि तो शब्द नेवेनानं कितीतरी दिवस खिशात घालून फिरवला होता. पोकळी. बाबा गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. रुळांवर काम करता करता खाली बसले ते बसलेच. तेव्हा तिला रडू आलं नव्हतं, सगळे म्हणाले मुलगी धीराची आहे, आणि ती ते ऐकत स्वयंपाकघरात कप विसळत राहिली होती... सहा वर्षांनी तो बर्फ पडद्यावर पाहिला तेव्हा कुठे तिला रडू आलं होतं. म्हणून हा सिनेमा तिला बक्षिसापेक्षा जास्त होता. आईलाही तो तसाच वाटेल याबद्दल तिला शंका नव्हती. आज सकाळपर्यंत तरी नव्हती.

अंधारात ती पडद्याकडे बघतच नव्हती. आईच्या चेहऱ्यावर पडणारा उजेड बघत होती. बर्फाचा पांढरा, मग केबिनचा पिवळा, मग पुन्हा पांढरा. आई ताठ बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ओळखीतल्या कुणाच्या मयताला गेल्यावर माणसं बसतात तशी, आदरानं, जरा परकेपणानं. मागे कुणीतरी नाक ओढलं. टोपी आली तेव्हा आई थोडी पुढे झुकली, आणि पुन्हा मागे टेकली. एवढंच. एकदा मात्र — आणि हे नेवेनाला मुळीच उमगलं नाही — मालगाडी गेल्यानंतर पडद्यावर नुसतं रिकामं फाटक असतं, अर्धं मिनिट काहीच घडत नाही, तिथे आईचा चेहरा एकदम सैल झाला. ती हसली. मनापासून, स्वतःशीच, दारात कुणी ओळखीचं आल्यासारखी.

दिवे लागल्यावर दोघींना पुढे बोलावलं. प्रश्न फार नव्हते. एका मुलानं उभं राहून, वाकून, हळू आवाजात काहीतरी विचारलं, आणि चिहायानं ते आईकडे वळवलं. "ते विचारतात, आपण किती वर्षे अशा एकट्या आहात?"

आईनं माइक दोन्ही हातांत धरला होता. चिहाया प्रश्न पुन्हा सांगायला पुढे सरकली.

"सहा वर्षं," आई म्हणाली. "सवय होते."

तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं रुमाल डोळ्यांना लावला. टाळ्या वाजल्या, जोरात नव्हत्या, पण खूप वेळ वाजत राहिल्या. नेवेनाला आधी बरं वाटलं. मग आपल्याला बरं का वाटलं, असं वाटलं.

शहरातल्या किल्ल्याच्या खंदकाजवळ दोघी बाकावर बसल्या तेव्हा दुपार झाली होती. चिहायाला त्यांनी जेवायला पाठवलं होतं. आईनं पर्समधून संत्रं काढलं, सोललं, अर्धं नेवेनाच्या हातावर ठेवलं, आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "दुसरी खुर्ची कुठे गेली?"

"कुठली?"

"केबिनमध्ये दोन खुर्च्या आहेत. सिनेमात एकच होती."

"फ्रेममध्ये गर्दी वाटत होती, आई. म्हणून बाहेर ठेवली होती, शूटिंगपुरती."

"बर्फात. तिचा एक पाय फुगला. स्पासनं तासून सारखा केला." तिनं एक बी बोटावर काढून बाकाच्या कडेला ठेवली. "आणि ती टोपी. ती मी कपाटात ठेवली होती."

"तूच काढून दिलीस."

"तू मागितलीस म्हणून. खिडकीपाशी बस म्हणालीस, बसले. हसू नको म्हणालीस, हसले नाही. मला वाटलं, सिनेमा असाच करतात. मला काय ठाऊक, तू मला दाखवते आहेस ते." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी एवढी एकटी नाहीये गं."

नेवेनाच्या हातावर संत्र्याच्या फोडी तशाच होत्या. "मग मघाशी सहा वर्षं का म्हणालीस?"

"मग काय सांगायचं? बक्षीस संध्याकाळी आहे." आईनं छातीवरचा बिल्ला सरळ केला. "कलाकार आहे ना मी."

स्पासकाका... टपालाची गाडी चालवायचे, आता निवृत्त. बायको बाबांच्याही आधी गेलेली. रोज संध्याकाळी थर्मासमध्ये सूप घेऊन यायचे, गाड्यांच्या वेळा त्यांना आईइतक्याच पाठ. नेवेनाला हे माहीत होतं. माहीत नव्हतं असं ती स्वतःशीही म्हणू शकत नव्हती. सुट्टीत घरी गेलं की मोरीत दोन कप असायचे, आणि ती ते दोन्ही धुऊन एकच खाली ठेवायची, दुसरा वरच्या फळीवर, मागे. शूटिंगच्या पहिल्या दिवशी ते आले, तेव्हा ती किती गोड आवाजात म्हणाली होती — काका, जरा बाहेर थांबता का, शॉट चालू आहे. ते थांबले. अंधार पडेपर्यंत केबिनच्या मागे, थर्मास कोटात धरून, बर्फात. दुसऱ्या दिवशीही थांबले. आणि त्यांना खोकला झालेला होता. एडिटिंगला बसल्यावर जिथे-तिथे तो खोकला यायचा, दूरचा, दाबलेला, भिंतीपलीकडचा. आणि तिनं कानाला हेडफोन लावून एकेक खोकला शोधून पुसून काढला होता, तिथे वाऱ्याचा आवाज भरला होता. तेव्हा ते काम तिला फार स्वच्छ वाटलं होतं. खिडकीची काच पुसल्यासारखं.

"एके ठिकाणी मात्र तो आहे," आई म्हणाली, जणू तिच्याच मनातलं वाचून. "मालगाडी गेल्यावर, नुसता बर्फ दिसतो तिथे. खोकला. ऐकलास ना? मला बरं वाटलं, म्हटलं, एवढा वेळ थंडीत उभा होता, कुठेतरी आला बिचारा."

नेवेनानं ऐकला नव्हता. शंभर वेळा पाहिलेल्या सिनेमात तिनं तो ऐकला नव्हता.

"ईस्टरनंतर तिथे यंत्र बसवतायत," आई पुढे म्हणाली. "फाटक आपलं आपण खाली येणार. मी व्रात्साला जाते आहे, स्पासकडे. नगरपालिकेत लग्न नोंदवू. मोठं काही नाही, चार माणसं, जेवण. तू यावंस असं मला वाटतं."

"हे आज सांगतेस?"

"घरी सांगितलं असतं तर बॅग उचलून पुढच्या गाडीनं सोफियाला गेली असतीस. इथून कुठे जाशील?"

तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचाच राग आला. बाबा, असं काहीतरी ती म्हणायला गेली, पण नुसता शब्दच आला, त्याच्या पुढेमागे काही नव्हतं. आई थांबली. वाक्य पूर्ण होण्याची तिनं खरंच वाट पाहिली. मग तिनं नेवेनाच्या हातावरची एक फोड उचलून स्वतःच खाल्ली.

समारंभ पाच वाजता. परीक्षकांपैकी एका गृहस्थांनी निवेदन वाचलं, आणि नेवेनाच्या शेजारी चिहाया कानाशी पुटपुटत गेली — माणसाच्या एकाकीपणाकडे पाहणारी निर्भय नजर... काहीही न वगळता पाहण्याचे धैर्य... "वगळता," चिहाया थांबून म्हणाली, "हा शब्द बरोबर आहे ना?" नेवेना म्हणाली, "बरोबर आहे."

मंचावर काचेची जड वस्तू हातात आली. भाषण तिनं विमानात लिहिलं होतं, पाठ केलं होतं. आता ते बदलता येईल, असं पायऱ्या चढताना तिला वाटत होतं. एक नाव घालायचं, तेवढंच... पण तोंड उघडल्यावर जे पाठ होतं तेच बाहेर पडू लागलं. माझे वडील, माझी आई, तो बर्फ. एक वाक्य ती बोलायची, मग चिहाया जपानीत. आणि त्या मधल्या वेळात, आपलंच वाक्य न कळणाऱ्या भाषेत ऐकताना, तिला वाटायचं की हे दुसऱ्याच कुण्या मुलीबद्दल चाललं आहे — सोळा वर्षांच्या, कप विसळणाऱ्या. त्या मुलीचं त्यात काही खोटं नव्हतं. केबिन तिचीच होती, एक खुर्ची तिचीच. तिथे आई का बसली होती, एवढंच समजत नव्हतं.

खाली दुसऱ्या रांगेत आई टाळ्या वाजवत होती. सगळ्यांच्या थांबल्या तरी वाजवत होती.

नंतरच्या मेजवानीला त्या थांबल्या नाहीत. आईला शहरातलं ते जुनं गरम पाण्याचं न्हाणीघर बघायचं होतं. चिहायानं ट्राममध्ये बसवून दिलं. काचेची ती वस्तू, फोन, कॅमेरा, कपडे, सगळं बाहेर एका कुलपाच्या कप्प्यात राहिलं. आत वाफ होती, दगड होते, आणि बायका. आई तिच्या पुढे चालत होती. नेवेनानं आईला असं कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल तर लहानपणी, तेव्हा ते पाहणं नव्हतंच. उजवा खांदा डाव्यापेक्षा भरलेला, हँडल फिरवून फिरवून. पोटावर ऑपरेशनचा जुना व्रण. मानेवर उन्हानं रापलेली रेघ, आणि तिच्या खाली एकदम गोरी, मऊ पाठ. चोपन्न वर्षांच्या बाईची पाठ... तिला कुणीतरी हात लावतं. हा विचार आला, आणि तिला वाटलं होतं तेवढा तो चटकला नाही. फक्त कान गरम झाले.

आई पाण्यात उतरली, आणि तिनं एवढा मोठा श्वास सोडला की पलीकडची एक म्हातारी हसली. म्हातारीनं डोक्यावरची छोट्या टॉवेलची घडी दाखवली — अशी ठेवायची. आईनं ठेवली, ती घसरून पाण्यात पडली. म्हातारीनं पिळून पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवली. दोघी काहीबाही बोलत होत्या, एक बल्गेरियनमध्ये, एक जपानीत, आणि दोघींना चाललं होतं.

वाफ, दोन डोकी, मागे काळा दगड... नेवेनाच्या डोळ्यांनी सवयीनं चौकट आखली. मग म्हातारी हलली, आई तिच्या मागे सरकली, दुसरी एक बाई मधून गेली, आणि ती चौकट तिनं पुन्हा आखली नाही.

"ये ना," आई म्हणाली. "उभी काय राहिलीस."

ती उतरली. पाणी फार गरम होतं. गुडघ्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत, मग ती खाली बसली. आईनं डोळे मिटले होते. व्रात्साबद्दल ती पुन्हा काही बोलली नव्हती, आणि नेवेनानं उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं आहे का, काय द्यायचं आहे, हे तिला अजून माहीत नव्हतं. तिथे तिच्या मनात दुसरंच काहीतरी आलं होतं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, सूप पिऊन झाल्यावर, ती दोघं काय बोलत असतील? एखादं वाक्य तरी. तिनं आठवून पाहिलं, मग रचून पाहिलं. आईचा आवाज जमला, पण स्पासकाका काय म्हणतील ते तिला सुचेना. आयुष्यात तिनं त्यांचं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. ती आईच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिली. त्यांच्यामागे आता काय चाललं असेल, ते तिला कळत नव्हतं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्या न कळण्याशेजारी तिला बसता येत होतं.