आधी चिठ्ठी, मग तोंड

साऱ्या लॅबची ती मावशी. गाठींचे पातळ काप काढून काचेवर चढवण्यात तिची बावीस वर्षं गेली होती, पण आजच्या सात नंबरच्या काचेने तिचा जीव टांगणीला लावला होता. ती गाठ तिच्या सख्ख्या भाचीच्या मनगटातली होती. मोठ्या हॉस्पिटलने कॅन्सर सांगून टाकला होता आणि गुरुवारी हात काढायचं ठरलं होतं.

दर सोमवारी सकाळी चार डॉक्टर या छोट्या खोलीत एकाच मायक्रोस्कोपभोवती बसत. आधी चिठ्ठीवर लिहायचं, मग तोंड उघडायचं, आणि चिठ्ठ्या धाकट्यापासून वाचायच्या, हा त्यांचा नियम. पूर्वी एकदा थोरले डॉक्टर आधी बोलले, बाकीच्यांनी त्यांची री ओढली आणि एका भल्या माणसाचा धडधाकट पाय गेला. तेव्हापासून कॅन्सरचं सोंग घेणाऱ्या अकरा गाठी या चौघांनी हुडकून वहीत नोंदवल्या होत्या. हजार डॉक्टरांच्या परिषदेत चहा तेवढा उत्तम मिळतो, खरं काम या खोलीतच होतं, असं मावशीचं मत.

भाचीबद्दल तिने ब्रही काढला नव्हता.

चिठ्ठ्या उघडल्या. "साधी गाठ." "साधी गाठ." "कॅन्सर." थोरल्यांच्या चिठ्ठीत होतं, "कळत नाही."



"मावशी, अजून खोलातला काप मिळेल?" थोरल्यांनी विचारलं.

"मेणात बसवलेल्या गाठीचा नखाएवढा तुकडा उरलाय. दोन काप निघतील, जास्त नाही."

काप काढायच्या यंत्रात तिने मेणाचा ठोकळा बसवला. याच हातांनी तिने भाचीला अक्षरं गिरवायला शिकवली होती. 'आता थरथरलीस तर पोरीचा हात तूच कापलास,' असं तिने स्वतःला दटावलं आणि चाक फिरवलं. पहिला काप चुरगळला. दुसरा पाण्यावर अलगद पसरला. रंग चढेपर्यंतचा तास तिने घड्याळाकडे पाठ करून काढला.

पुन्हा चिठ्ठ्या. "साधी." "साधी." तिसऱ्या चिठ्ठीत डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, "मघाशी चुकले. साधी." थोरल्यांनी आपली घडी उलगडली. "साधी. हात काढू नये."

"ही बारावी," म्हणत त्यांनी वही ओढली. "पेशंट कोण?"

"माझी भाची," मावशी म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

"अहो, मग आधी बोलायचं नाही का?"

"बोलले असते तर तुम्ही काच सोडून मलाच बघत बसला असतात." तिने पदराने नाक पुसलं. "नियम काय फक्त डॉक्टरांनाच आहे?"

थोरल्यांनी फोन तिच्यापुढे सरकवला. तिने नंबर लावला. पलीकडे भाचीनेच उचलला.