दुसरी बॅटरी

आमचे दाजी घरचं विमान बांधत होते, हे मी पोस्टातल्या कोणाला सांगत नसे. लोकांना ते खोटं वाटलं असतं, आणि खरं वाटलं असतं तर त्यांनी माझ्या बहिणीची कीव केली असती. मला दोन्ही नको होतं.

दाजी म्हणजे जयराम, माझ्या लताताईचे यजमान. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी उमर घालवली ती विमानांच्या तारा जोडण्यात. त्यांनी जोडलेलं विमान धावपट्टीवरून उठायचं आणि हे जमिनीवर मान वर करून उभे राहायचे. तरुणपणी रजा टाकून पुण्याला जाऊन ते ग्लायडर उडवायला शिकले होते, पण इंजिनाच्या विमानात बसायचा योग काही आला नाही. म्हणून त्यांनी ठरवलं, आपलंच एक करायचं, एका माणसापुरतं. बहिरू हा त्यांचा कारखान्यातला जुना सोबती. नोकरी सोडून तो निफाडकडे द्राक्षं लावून बसला होता. त्याच्या शेडमध्ये विमान बांधायचं, त्याच्याच पडीक रानावरून एकदा उठायचं, एक चक्कर मारायची आणि उतरायचं. दाजींचं मागणं एवढंच होतं, आणि एवढ्याशा मागण्यासाठी त्यांनी किती वर्षं झिजावं याचा मला राग यायचा.

त्यात त्यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी उडायला लायक असल्याचा दाखला नाखुशीनं दिला आणि बजावलं की हा शेवटचा, पुढच्या वर्षी मागायला येऊ नका. म्हणजे उडायचं तर याच वर्षी, नाहीतर कायमचं खाली. लताताईनं त्या दिवसापासून घरात गोड करणं बंद केलं.

विमानाला इंजिन होतं देवळालीच्या एका बंगल्यात गंजत पडलेल्या जुन्या मोटारीचं. वजन वाचवायला दाजींनी त्याचा, चालता चालता बॅटरी भरणारा, डायनॅमो काढून टाकला. त्यामुळे इंजिनाची ठिणगी सगळी बॅटरीवर आली. बॅटरी चालू तोवर इंजिन चालू. वर गेल्यावर ती बसली की पंखाही थांबणार. म्हणून बॅटऱ्या दोन हव्यात, एक कामाला आणि एक राखीव, यावर ते अडून बसले. इतर बाबतीत आमचे दाजी म्हणजे गरीब गाय, पण राखीव बॅटरीचा विषय निघाला की ते कारखान्यातल्या फोरमनसारखे बोलायला लागायचे.

कामाची बॅटरी सरळ होती, छोट्या मोटारीची, पुढे बोल्टांनी आवळलेली. घोळ झाला तो राखीवचा. मोटारीची दुसरी घ्यावी तर शेपटीकडे वजन जास्त होत होतं. मग त्यांनी टॉर्चचे सेल एका पाइपात भरून बघितले. ते इंजिनाला दोन उचक्या देऊन थंड पडले. शेवटी स्कूटरच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडून त्यांनी बारा व्होल्ट केले आणि सागवानी पेटीत बसवून सीटच्या मागे ठेवल्या. विमान कललं तर तेजाब सांडू नये म्हणून झाकणांवर मेणबत्तीचं मेण ओतलं आणि वाफ जायला त्यात सुईनं भोकं पाडली. मग लताताईच्या स्वयंपाकघरात पेटी आडवी करून पाहिली. फरशीवर अजून दोन पांढरे डाग आहेत. ताई महिनाभर बोलत होती.

चार्जिंगला घरी न्यावी लागते म्हणून पेटीला त्यांनी कडी लावली होती, एका हातानं निघेल अशी. इथेच गोम होती. कारण आमच्या कॉलनीत, जिथं दिवसाआड वीज जायची, एका हातानं उचलता येणारी बॅटरी एखाद्या घरात नुसती ठेवलेली असणं ही चैन होती. कोणाला मॅचची कॉमेंट्री ऐकायला हवी असायची, तर कोणाला हळदीला दिवा लावायला. येणारा म्हणायचा, जयरामदादा, दुसरी तर पडूनच आहे ना. दाजी प्रत्येकाला तेच सांगायचे, "ती पडून नाही, ती थांबलीय." लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन हसायचे. खरं सांगायचं तर मीही हसलोय.

तपासणीची तारीख आली ती चौदा एप्रिलच्या जयंतीनंतर दोनच दिवसांची. मुंबईहून अधिकारी येणार होता. कामाच्या बॅटरीची जोडणी तोडायची, नुसत्या राखीववर अर्धा तास इंजिन चालवून दाखवायचं, अशी त्याची अट होती. ते जमलं की चाचणीचं उड्डाण. दाजी त्या अटीवर खूश होते. एवढी वर्षं आपण ज्याच्यासाठी भांडलो तेच सरकार मागतंय म्हणत ते घरभर फिरत होते. मी त्यांना इतकं आनंदात त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

जयंतीच्या संध्याकाळी मिरवणूक कॉलनीच्या तोंडाशी आली आणि वीज गेली. मिरवणुकीच्या गाडीवरची लाउडस्पीकरची बॅटरीही बसली. गाडीवर चतुराबाई बसल्या होत्या. कॉलनीची जयंती म्हणजे चतुराबाईंचं गाणं, हे माझ्या लहानपणापासूनचं. पण आता त्यांचा आवाज गेला होता. लाउडस्पीकरशिवाय पहिल्या रांगेलाही ऐकू जात नव्हतं. दाजींची आई बाळंतपणातच गेली तेव्हा या बाईनं त्यांना स्वतःच्या पोराबरोबर पाजलं होतं. पोरगं पुढं वारलं, दाजी राहिले. कॉलनीतली माणसं दाजींच्या दारात आली, पण या वेळी कोणी काही मागितलं नाही. नुसती उभी राहिली. मागून चतुराबाईच हळूहळू चालत आल्या.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या विमानाची हाय ती. मी आपली बिनलाउडस्पीकरची म्हनते."

दाजी आत गेले आणि पेटी घेऊन बाहेर आले. वर्षभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना केलेलं भाषण त्यांना आठवलं नसेल असं नाही. पण रात्रीतून वीज येईल, मध्ये अख्खा दिवस आहे, चार्ज करून ठेवू, असा हिशोब त्यांनी केला असणार. तो चुकीचा नव्हता. मला विचारलं असतं तर मीही दे म्हणालो असतो.

गाणं काही धड झालं नाही. लाउडस्पीकर शिट्ट्या मारत होता, चतुराबाई मधली कडवी विसरत होत्या. चौकात चढावर गाडीला हिसका बसला, गाणं मध्येच बंद पडलं, आणि तेवढ्यात वीज आली. लोक डीजेच्या गाण्यांकडे वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाई स्वतः पेटी घेऊन आल्या. पुसून लख्ख केलेली, वर झेंडूचं फूल. दाजींनी झाकणं बघितली. मेण जागच्या जागी होतं, सुईची भोकंसुद्धा. उघडायचं तर सगळं मेण खरवडून पुन्हा ओतावं लागलं असतं. त्यांनी पेटी तशीच चार्जिंगला लावली. तपासणीच्या दिवशी पहाटे मीटरचा काटा जिथे हवा तिथे उभा होता.

अधिकारी सकाळीच आला. माणूस चांगला होता, हे मुद्दाम सांगतो. शेडभर हिंडला, पंखांवरून हात फिरवला आणि तारांची गुंफण बघून म्हणाला की कारखान्यातलं कामही इतकं नीट नसतं. बहिरूनं विमान रानात काढलं. दाजींनी इंजिन चालू केलं. पंख्याच्या पहिल्याच फेऱ्याला ते सुरू झालं. मग त्यांनी आमच्याकडे बघून स्विच फिरवला, कामाची बॅटरी तुटली, आणि इंजिन राखीववर तसंच चालत राहिलं. दाजी सीटमध्ये बसून हसत होते. लताताईनं माझा हात धरला होता.

चहा गाळून होईपर्यंत इंजिन खोकायला लागलं. मग एकदा ढेकर दिल्यासारखा आवाज झाला आणि पंखा थांबला. दाजींनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा थांबला. रानात एकदम द्राक्षाच्या पानांचा आवाज ऐकू यायला लागला.

अधिकाऱ्यानं घड्याळात न बघता चहा संपवला. दाजी म्हणाले, साहेब, बॅटरी काल रात्रभर चार्जिंगला होती. तो म्हणाला, असेल, पण मी जे बघितलं तेच मला लिहावं लागणार. पुन्हा अर्ज करा, पुढच्या फेरीत बघू. पुढची फेरी पुढच्या वर्षी होती. दाखला या वर्षीचा होता. दाजींनी हे त्याला सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. कशाला गप्प बसलो, याचा राग मला अजून येतो.

तो गेल्यावर दाजींनी मेण खरवडलं. तेजाब किती कडक आहे ते मोजायची काचेची नळी त्यांच्याकडे होती. पहिल्या घरात घातली तर आतला तरंगा दगडासारखा तळाला गेला. दुसऱ्यातही तेच. दाजींनी त्यातला थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. मी ओरडलो. ते म्हणाले, "पाणी आहे."

परत आल्यावर आम्ही चतुराबाईंच्या घरी गेलो. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. जयंतीची निळी साडी दोरीवर वाळत होती, आणि तिच्या काठाला खालून वरपर्यंत भोकं पडली होती, उंदरांनी कुरतडल्यासारखी. मला तेव्हाच कळलं. दाजींना आधीच कळलं असावं.

विचारलं तर त्यांनी काहीच लपवलं नाही. उलट कौतुकानं सांगितलं. चढावर गाडीला हिसका बसला तेव्हा पेटी उलटली आणि मेण तडकून झाकणं सुटली. आतलं सगळं त्यांच्या मांडीवर सांडलं. घरी आणून राहिलेलं मेण काढून बघितलं तर डब्या रिकाम्या.

"आता दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यावं?" त्या म्हणाल्या. "तुला पानी घालताना मी बगितलं व्हतं. रांजनातलं गार पानी घातलं, काठोकाठ. वंदनेची मेनबत्ती व्हती, तिचं मेन वतलं. तू पाडतोस तशी भोकंबी पाडली पिनेनं."

माझं डोकं फिरलं. मांडी भाजलेली असताना ही बाई मेण ओतत बसली, आणि आमच्या घरी मात्र एक शब्द बोलली नाही. त्या डब्या रिकाम्या आल्या असत्या तर दाजींना उचलतानाच वजनावरून कळलं असतं. मध्ये अख्खा दिवस होता. तेजाब आणलं असतं, भरलं असतं, चार्ज केलं असतं. भरून दिल्या म्हणून सगळं गेलं. हे मी तिला तिथंच सांगणार होतो.

पण म्हातारीनं आमच्या तोंडाकडे बघितलं आणि सुपावरचा हात थांबवला. "का रे," तिनं विचारलं, "काय चुकलं का माझं?"

"नाही मावशी," दाजी म्हणाले. "बरं केलंस. भाजलं कुठं ते दाखव."

त्यांनी मला मलम आणायला पाठवलं. मी वाटेत रडलो, रागानं रडलो, आणि मलम घेऊन परत आलो. तोवर दाजी तांदूळ निवडायला बसले होते.

पुढच्या वर्षी दाखला मिळाला नाही, मागायलाही ते गेले नाहीत. बहिरूच्या शेडमध्ये विमान आहे. पंख उतरवून भिंतीला लावलेत आणि मधल्या जागेत द्राक्षांच्या पेट्या रचतात. बॅटऱ्या दाजींनी घरी आणल्या. स्कूटरच्या बॅटऱ्यांत त्यांनी नवं तेजाब भरलं, आणि आता मागेल त्याला ते देतात, रेडिओला, हळदीला. कोणी म्हणालं, दादा, पडूनच आहे ना, तर हो म्हणतात. लताताई ते ऐकून आत निघून जाते.

त्या पुढच्या वर्षीच्या जयंतीला मोटारीची बॅटरीसुद्धा गाडीवर गेली. दुसऱ्या दिवशी ती चतुराबाईंच्या घरून परत आली. या वेळी त्यांनी झाकणांना हात लावला नव्हता, फक्त वर पानात गुंडाळून दोन बुंदीचे लाडू ठेवले होते. दाजी ओसरीत उभे होते. त्यांनी पान सोडलं आणि एक लाडू खाल्ला. मग दुसरा तोंडाजवळ नेला.

"दाजी," मी म्हणालो, "साखर."

"आता कुणाला दाखला दाखवायचाय?" ते म्हणाले, आणि तोही खाल्ला.