तुमच्या पेटीला कोण तपासतं?

मित्रांनो, मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. पण एका पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते, ते सांगितलेच पाहिजे. बारा वर्षे ते पत्र माझ्याच झाकणाखाली पडून होते.

मी एक जुनी पेटी आहे, विजेचा अगदी बारीक दाब मोजून देणारी. भट्टीच्या विजेवर चालणाऱ्या तापमापकाला मी तो दाब द्यायचा आणि त्याचा काटा योग्य आकड्यावर जुळवून घ्यायचा, हे माझे काम. १९८१ साली पुण्यात तयार होऊन मी जालन्याला तातेरावांच्या तापमापक-दुरुस्तीच्या दुकानात आले. "पेटी बोलली म्हंजे झालं," असे लोखंडाच्या मिलवाले म्हणत. मी फुशारून जायचे.

दरवर्षी मलाही पुण्याला तपासणीसाठी पाठवायचे असे. "कामाची गर्दी ओसरू द्या," म्हणता म्हणता तीन वर्षे गेली.

१९८९ साली एका मिलमध्ये हसनाबादचा, पूर्वी मेंढरे राखणारा सांडू भट्टी सांभाळायचा. लोखंडाच्या रंगावरून तो उष्णता ओळखी.

"साहेब, लोखंड पांढरं पडून राह्यलं. काटा मागं हाये!"

मॅनेजर हसले. "काटा पुण्याच्या पेटीवर शिकला, तू मेंढरात. तापू दे आणखी."

लोखंड जळाले. तातेरावांनी काटा माझ्यावर तपासला, बरोबर निघाला. माझ्यावर चिकटवलेल्या तपासणीच्या चिठ्ठीतली तारीख कधीच उलटली होती. तातेरावांनी अंगठा ठेवून ती झाकली. सांडूची नोकरी गेली.

महिन्याने त्याचे पत्र आले. 'गावात मला लोखंडजाळ्या म्हणतात. दुसरी मिल उभं करत न्हाई. साहेब, एवढंच सांगा, तुमच्या पेटीला कोण तपासतं?'

तातेरावांनी मला मुकाट्याने पुण्याला पाठवले. मी दाखवायचे त्याहून जास्त दाब देत होते. म्हणून माझ्यावर जुळवलेला काटा मागे राहायचा. माझी दुरुस्ती झाली. उत्तर मात्र गेले नाही.

पुढे नवी यंत्रे आली, मी फळीवर गेले. २००१ साली धूळ पुसताना तातेरावांच्या पत्नी सत्यशीलाबाईंना ते पत्र सापडले.

"आवो, ह्याला उत्तर धाडलं का न्हाई?"

"आता काय उपयोग? बारा वर्षं झाली."

"तुम्हाला झाली. त्याला रोज कुणी ना कुणी लोखंडजाळ्या म्हणतच असंल."

मित्रांनो, ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचे खरेखोटे ठरते, त्याला आधी तपासा. मला कुणी तेव्हा तपासले असते तर!

तातेरावांनी चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिले: 'सांडूभाऊ, तुमचा डोळा बरोबर होता. पेटी चुकली, आणि मी ते लपवलं. हे पत्र मिलमध्ये, गावात, सगळ्यांना दाखवा.'

खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला आणि स्वतः जाऊन ते पोस्टाच्या पेटीत टाकले.