पिन उचलायची घाई

आधी माझ्या उजव्या हाताबद्दल सांगतो, कारण सगळा घोटाळा त्यानंच केला.

मी सिकंदर. उचगावात माझा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. लग्न, बारसं, उरूस, निवडणूक, कुठंही बोलवा. झाडाला कर्णा बांधायचा, मशीन लावायचं आणि रेकॉर्डी वाजवायच्या. धंदा शिकवला आण्णांनी, आणि आण्णा म्हणजे तापट माणूस. रेकॉर्डवरचं गाणं संपलं की पिन मधल्या कोऱ्या जागेत शिरते आणि कर्ण्यातून असा काही खर्रर्र आवाज निघतो की दावणीची जनावरं बुजतात. पहिल्याच लग्नात माझ्याकडून तो निघाला आणि आण्णांनी वऱ्हाडादेखत माझ्या कानाखाली वाजवली.

"गाणं संपायच्या आदी पिन वर! कळलं का?"

कळलं. तेव्हापासून ढोलकीचा शेवटचा तुकडा सुरू झाला की माझा हात आपोआप पिनेकडं जायचा. मी जेवत असो नाहीतर कुणाशी भांडत असो, हात कधी चुकला नाही. मला त्याचा अभिमान होता.

शमशाद आमच्याच गल्लीतली. तिची आई खैरुनबी लग्नघरी गाणी म्हणायची, मागोमाग लेकही म्हणायला लागली. शमशादला स आणि श म्हणता यायचे नाहीत. जीभ दातांच्या मध्ये यायची आणि दोन्हींचा थ व्हायचा. स्वतःचं नाव ती थमथाद सांगायची आणि मला थिकंदर म्हणायची. माझ्या माइकवर ती गायला उभी राहिली की परगावची माणसं पहिल्या ओळीला तोंडावर रुमाल धरून हसायची, दुसऱ्या ओळीला गप्प व्हायची आणि तिसऱ्या ओळीला एखादी म्हातारी डोळे पुसायची. त्या थ मध्ये काय होतं कोण जाणे. ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं की ही आपल्यालाच काहीतरी सांगते आहे. मला तर वाटायचंच. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण गाणं, भांडण आणि मनातलं बोलणं सगळं मराठीत.

ती मला आवडायची. आत्ता सरळ लिहून टाकलं. तेव्हा तोंडातून निघालं असतं तर लिहायची वेळच आली नसती.

१९६५ साली मुंबईची एक छोटी रेकॉर्ड कंपनी कोल्हापुरात गाणी भरायला आली. आमच्या गावचे हंबीरराव मास्तर पेटी वाजवायचे आणि गाणी जुळवायचे. त्यांनी शमशादचं नाव सुचवलं आणि खास तिच्यासाठी गाणं लिहिलं. "साजणा, सांज सरली, सोडू नको साथ." पुढच्या ओळींतही जिथं तिथं स. मी भडकलो.

"मास्तर, तुमचं डोकं फिरलंय काय? तिला जे जमत न्हाय तेच घातलंय की!"

"आरं येड्या, त्यातच तर गोडी हाय," मास्तर म्हणाले. "थाजणा म्हणू दे की तिला."

"मुंबईची माणसं हसतील."

"हसू देत. नंतर रडतील."

मी ऐकणाऱ्यातला नव्हतो. महिनाभर मी तिला शिकवलं. खैरुनबीच्या घरामागच्या परड्यात बसायचं, जिभेखाली सुपारीचं खांड धरायचं, जिभेचं टोक दातांच्या मागं ठेवायचं आणि म्हणायचं: साखर, सुपारी, सिकंदर. चुकली की मी ओरडायचो. एकदा सुपारी थुंकून ती म्हणाली, "माझं बोलणं तुला आवडत न्हाय व्हय?"

"आवडायचा प्रश्न न्हाय," मी म्हणालो. "लोकांचा प्रश्न हाय."

असलं उत्तर दिल्याबद्दल आण्णांनी तेव्हाही एक ठेवून द्यायला हवी होती. पण ते तिथं नव्हते.

महिन्याभरात गाण्यातला स तिला जमला. बोलण्यातला थ मात्र तसाच राहिला, आणि माझ्यावर चिडली की जास्तच. खैरुनबीनं मला दोनदा आडून विचारलं, पोरीचं काय ते बघायला पाहिजे म्हणून. मी दोन्ही वेळा म्हणालो, रेकॉर्ड निघू द्या आधी. माझ्या मनात होतं, रेकॉर्ड हातात घेऊनच मागणी घालायची. पण हे मनातलं मी कुणाला सांगितलं? कुणालाच नाही.

गाणं भरायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "थिकंदर, तू येणार नव्हं?"

"येतो की."

आणि गेलो नाही. पन्हाळ्यावर एका मोठ्या घरचं लग्न आलं, मी कर्णे उचलले आणि तिकडं गेलो. मास्तर परत आल्यावर एवढंच म्हणाले की गाणं एका दमात झालं. मग डोळा मिचकावून म्हणाले, "बाकीचं ऐकशीलच तू."

दोन महिन्यांनी रेकॉर्ड आली. पहिल्यांदा मी ती एका बारशात वाजवली. साजणा, सांज, साथ, सगळे स जागच्या जागी. घासून पुसून मांडलेल्या भांड्यांसारखं स्वच्छ गाणं. मी खूश होतो आणि आतून काहीतरी रिकामंही वाटत होतं. आपल्या ओळखीची बाई दुसरीच्या चपला घालून चालल्यासारखं. पण ते कबूल कोण करणार?

चार दिवसांनी शमशाद नळावर भेटली. घागर भरून वाहायला लागली तरी ती माझ्याकडंच बघत होती.

"थिकंदर, रेकॉर्ड ऐकलीथ?"

"शंभरदा ऐकली."

"पार थेवटापातूर?"

"व्हय की. एकबी चूक न्हाय."

"आनि?"

"आनि काय? झ्याक झालीया."

तिनं घागरीतलं जास्तीचं पाणी ओतलं. मग घागर उचलून गेली. त्याच आठवड्यात हंबीरराव मास्तर रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "काय सिकंदर, ठरलं का मग?" मी म्हणालो, "ठरलं की! मंगळवारी गडावरचं लग्न, दोन कर्णे." मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि सायकल पुढं काढली. त्यांचं असंच असतं, असं मला वाटलं.

मी मागणी घालायला आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. लग्नसराई होती, फुरसत नव्हती. पावसाळ्याच्या तोंडाला नेसरीचं स्थळ आलं. फक्रुद्दीन, बांगड्यांचं दुकान, भला माणूस. शमशाद एका शब्दात हो म्हणाली. मला कळलं तेव्हा सुपारी फुटली होती.

तिच्या लग्नात स्पीकर माझाच. गावात दुसरा होता कुणाचा? खैरुनबीनं सांगितलं, पोरीची रेकॉर्ड लाव. लावली. बायकांच्या बाजूचा पडदा जरासा सरकला होता आणि शमशाद तिथून माझ्याकडं एकटक बघत होती. ढोलकीचा शेवटचा तुकडा आला. हात गेला आणि पिन उचलली. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, नवरी आहे, रडणारच.

त्यानंतर अठरा वर्षं मी लोकांची लग्नं वाजवली. माझं राहून गेलं. तिची रेकॉर्ड मी जपून वापरायचो, तरी झिजली. आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांत मला त्या स्वच्छ गाण्याचा राग यायला लागला होता. मला तिचा थ ऐकायचा होता. एकदाच. आख्ख्या जगात तो कुठंच उरला नव्हता, आणि पुसणारा मीच.

१९८३ साली कोल्हापुरात महंमदनं कॅसेटचं दुकान टाकलं. जुन्या रेकॉर्डी तो कॅसेटवर उतरवून द्यायचा. रेकॉर्ड फुटायच्या आत गाणं तरी राहील म्हणून मी गेलो. त्यानं पिन टेकवली. गाणं कढईत काहीतरी तळत असल्यासारखं चरचरत होतं. ढोलकीचा शेवटचा तुकडा आला आणि माझा हात पुढं गेला.

महंमदनं तो धरला. "चाचा, हात लावू नका. मी पार शेवटपर्यंत घेतो. कुणाचं काय राहायला नको."

ढोलकी थांबली. दोन क्षण नुसती खरखर. आणि मग एकदम खरखर गेली. त्या जागेवर माझी पिन कधी पोचलीच नव्हती, तिथली रेकॉर्ड नवी कोरी होती. आवाज असा आला की ती दुकानात उभी आहे.

"थिकंदर, पिन उचलू नकोथ. मी अजून हितंच हाय. आईला येऊन इचार."

महंमद हसला. "काय गोड बोबडं बोलतीय हो. कोण ही?"

"परत लाव," मी म्हणालो. मी ते सात वेळा लावायला लावलं. आठव्यांदा त्यानं मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं नेसरीला गेलो. फक्रुद्दीन बाजाराला गेला होता. शमशाद दुकानात एका बाईच्या हातात बांगड्या भरत होती. केस पिकायला लागले होते. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"सिकंदरभाई! या, बसा."

मी उभाच राहिलो. दोन्ही स स्वच्छ.

"जीभ सुधारली की," मी म्हणालो.

"सासरी सगळी हसायची. मग केला सराव. सुपारी धरून. तुम्हीच शिकवलं हुतं की."

गिऱ्हाईक बाई गेली. मी कॅसेट तिच्यापुढं ठेवली.

"रेकॉर्ड काल पुरी ऐकली."

"काल?"

"काल. पहिल्यांदा."

तिनं कॅसेट उलटीसुलटी करून बघितली. मग 'तुम्ही' गळून पडलं. "माझ्या लग्नात तू बरोबर तिथंच पिन उचललीस. मला वाटलं, लोकांनी ऐकू नये म्हणून. तुला लाज वाटली माझ्या बोलण्याची."

"सवय हुती गं हाताची. खरखर नको म्हणून."

दिवसभर परक्या बायांचे हात हातात घेणारी ती. तिनं माझा हात घेतला नाही, नुसता बघितला. मग कॅसेट माझ्याकडं सरकवली.

"तुझ्याजवळच असू दे. आता तसं बोलायचं म्हटलं तरी मला जमायचं न्हाय."

ती उठली. "बस, चहा टाकते," म्हणाली. जिभेचं टोक दातांच्या मागं, अगदी मी शिकवलं होतं तसं.